मैदानाचं माहेरचं नाव

बडोद्याच्या जुन्या माणसाला पत्ता विचारला, की उत्तरात पन्नास वर्षांचा इतिहास फुकट मिळतो. शहरातली मोठी सयाजीबाग सयाजीराव महाराजांच्या काळात, १८७९ साली, लोकांना मिळाली. तिला आम्ही आजही कमाटीबाग म्हणतो. ज्या महाराजांचं नाव घेताना इथे मान आपोआप झुकते, त्यांच्याही नावाला लोकांच्या तोंडातलं नाव काही पुसता आलं नाही. शहर सरकारदरबारी १९७४ पासून वडोदरा झालं. माझ्या तोंडून बडोदंच निघतं आणि पुढेही निघेल.

क्रिकेटच्या मैदानाचं तर विचारूच नका. २०१९ च्या ऑक्टोबरात भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्या मुलींचे एकदिवसीय सामने बडोद्यात झाले. आम्ही महिला मंडळातल्या तिघीजणी हौसेने निघालो. रिक्षावाल्याला पेपरात छापलेलं नाव सांगितलं, "रिलायन्स स्टेडियम." त्याने आरशातून आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आयपीसीएल ने, बेन?"

आयपीसीएल म्हणजे इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशन, १९६९ साली निघालेली सरकारी कंपनी. २००२ मध्ये सरकारने तिच्यातला हिस्सा रिलायन्सला विकला, २००७ मध्ये ती कंपनी रिलायन्समध्ये पुरती विलीन झाली. कंपनीचं मैदान होतं, त्याचंही नाव बदललं. याच मैदानावर २८ ऑक्टोबर १९९४ रोजी सचिनने न्यूझीलंडविरुद्ध ११५ धावा काढल्या होत्या, आणि ज्यांनी त्या पाहिल्या ते आजही "आयपीसीएलवर पाहिल्या" असंच सांगतात. कंपनी गेली, कारखान्याच्या दारावरची पाटी गेली, पण मैदानाच्या नावात ती अजून जिवंत आहे.

यात एक कोडं आहे. आयपीसीएल हेही काही देवाचं, संताचं किंवा राजाचं नाव नव्हे. तीसुद्धा कंपनीच, तीही चार अक्षरांत कोंबलेली. मग लोक एका कंपनीचं नाव टाकून दुसरीचं घ्यायला का तयार होत नाहीत?

जगभर गेली पन्नास वर्षं मैदानांची नावं विकली जात आहेत. नाव विकलं गेलं की तिथे नेमाने जाणारी माणसं काय करतात, याचाही एक इतिहास आहे. खेळाच्या पुस्तकांत तो तळटिपेत सापडतो. धावा, गोल आणि करंडकांच्या जमाखर्चात त्याला कोण जागा देणार? पण आपल्याला, म्हणजे बायकांना, तो चटकन कळेल असं मला वाटतं. लग्नात ताटातल्या तांदळावर सोन्याच्या अंगठीने नवं नाव कोरलं जातं, पेढे वाटले जातात, आणि वीस-बावीस वर्षं जे नाव ऐकून आपण वळून पाहत होतो ते त्या संध्याकाळी संपतं. माझ्या आईचं तसंच झालं. रेशनकार्डावर, बँकेत, मंदिराच्या पावत्यांवर सासरचं नाव. फक्त मामा दारात येऊन माहेरच्या नावाने हाक मारायचा, आणि आईची "ओ" त्या दिवशी वेगळीच यायची. मैदानांच्या या गोष्टीत मामाची भूमिका प्रेक्षकांकडे असते.

सुरुवात अमेरिकेत झाली. सेंट लुईस शहरात १९५३ साली ऑगस्ट बुश नावाच्या बिअर कारखानदाराच्या कंपनीने तिथला बेसबॉल संघ विकत घेतला, पाठोपाठ स्पोर्ट्समन्स पार्क हे मैदानही. त्याला मैदानाला आपल्या बिअरचं, बडवायझरचं, नाव द्यायचं होतं. बेसबॉलच्या कारभाऱ्यांनी हरकत घेतली. खेळाच्या जागेला दारूचं नाव शोभत नाही म्हणाले. बुशसाहेबांनी मग आपल्या घराण्याचं नाव दिलं, बुश स्टेडियम. घराण्याच्या नावाला कोण हरकत घेणार? आणि दोनच वर्षांनी त्यांनी बाजारात नवी बिअर आणली. तिचं नाव बुश! आपल्याकडच्या एखाद्या मुरलेल्या पेढीवाल्यालाही हे सुचलं नसतं.

पण हे झालं मालकाचं नाव. केवळ नावाचे पैसे मोजून ते ठरावीक वर्षांसाठी लावायचं, ही रीत रूढ झाली ती १९७० नंतर. बफेलो शहरात १९७३ मध्ये रिच नावाच्या खाद्यपदार्थांच्या कंपनीने २५ वर्षांसाठी १५ लाख डॉलर मोजले आणि नव्या फुटबॉल मैदानाला आपलं नाव लावलं. मैदान नवं होतं, त्याला जुनं नाव नव्हतंच. पुढे जे वादंग झाले, ते बहुतेक सगळे जुन्या नावांवरून.

त्यातला सॅन फ्रान्सिस्कोचा प्रसंग मला फार आवडतो. तिथलं कॅन्डलस्टिक पार्क १९६० सालचं, समुद्राच्या खाडीकाठी. वारा इतका भणाणता की खेळाडू त्या मैदानाला शिव्या घालत. म्हणजे जागा काही फार लाडकी नव्हती. पण २९ ऑगस्ट १९६६ रोजी बीटल्सनी तिकीट लावून केलेला शेवटचा जाहीर कार्यक्रम तिथला. १७ ऑक्टोबर १९८९ रोजी बेसबॉलच्या अंतिम मालिकेतला सामना सुरू व्हायच्या बेतात असताना मोठा भूकंप झाला, तेव्हा हजारो माणसं तिथल्या बाकांवर बसलेली होती. मैदान हललं, पण पडलं नाही. आपल्याला ज्याने वाचवलं त्याचं नाव माणूस सहजासहजी विसरत नाही. १९९५ मध्ये थ्रीकॉम या संगणकाच्या जोडण्या बनवणाऱ्या कंपनीने त्याला आपलं नाव लावलं. लोक कॅन्डलस्टिकच म्हणत राहिले. लाडाने नुसतं 'द स्टिक'. थ्रीकॉमचा करार संपला आणि २००४ मध्ये मॉन्स्टर ही तारा आणि केबल बनवणारी कंपनी आली. मैदान झालं मॉन्स्टर पार्क.

इथे गंमत झाली. त्याच नावाची नोकऱ्या शोधून देणारी एक दुसरी कंपनी जास्त प्रसिद्ध होती. कित्येकांना वाटलं, मैदान तिनेच घेतलं. पैसे एकीचे, गाजावाजा दुसरीचा! शेजारणीने केलेल्या पुरणपोळीची वाहवा आपल्याला मिळावी तसंच.

पण सॅन फ्रान्सिस्कोकर नुसते हसत बसले नाहीत. मैदान शहराच्या मालकीचं होतं, म्हणून त्यांनी २००४ च्या नोव्हेंबरातल्या निवडणुकीत तो प्रश्न मतपत्रिकेवरच घातला: चालू करार संपला की मैदानाला पुन्हा कॅन्डलस्टिक पार्क हेच नाव असावं की नसावं? असावं, असं मतदारांनी सांगितलं. २००८ मध्ये करार संपला आणि जुनं नाव परत आलं. एका मैदानाच्या नावासाठी शहराने मतदान करावं, हे ऐकून माझी सून म्हणाली, "एवढे रिकामे असतात का लोक?" मला तसं वाटत नाही. रस्ते आणि गटारांसाठी मत देतो तेव्हा आपण फक्त नागरिक असतो. हे मत त्यांनी आठवणींसाठी दिलं.

डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून बरोबर एक मैल उंच, म्हणून तिथलं मैदान माइल हाय. २००१ मध्ये शेजारीच नवं बांधलं. त्याचा बराच खर्च लोकांनी भरलेल्या विक्रीकरातून झाला होता. त्यासाठी १९९८ मध्ये मतदान घेतलं होतं. नाव मात्र विकलं इन्व्हेस्को या गुंतवणूक कंपनीला. लोक चिडले: घर आमच्या पैशांनी बांधलं, आणि दारावर पाटी पाहुण्याची? मध्यम मार्ग म्हणून 'इन्व्हेस्को फील्ड ॲट माइल हाय' असं लांबलचक नाव दिलं. तिथल्या डेन्व्हर पोस्ट या वर्तमानपत्राने काही वर्षं आपल्या बातम्यांत इन्व्हेस्को छापायलाच नकार दिला, नुसतं माइल हाय छापलं. त्यानंतर त्या मैदानाच्या नावाचा पुढचा भाग तीन वेळा बदलला. एक कंपनी तर २०१६ मध्ये दिवाळखोरीत बुडाली, तरी तिची पाटी २०१८ पर्यंत तशीच लटकत होती. मागचं 'माइल हाय' मात्र टिकलं.

ह्यूस्टनची कथा आपल्या दाभोळशी नातं सांगते. २००० साली तिथलं बेसबॉलचं नवं मैदान उघडलं, त्याला नाव होतं एन्रॉन फील्ड. हो, तीच एन्रॉन, जिच्या वीज प्रकल्पावरून महाराष्ट्रात इतकं रणकंदन झालं. २००१ च्या डिसेंबरात कंपनी दिवाळखोरीत गेली, हजारो कामगारांची पुंजी बुडाली, आणि संघाला आपल्याच मैदानाचं नाव २१ लाख डॉलर देऊन सोडवून घ्यावं लागलं. नंतर तिथे संत्र्याच्या रसाच्या कंपनीची पाटी लागली. एन्रॉन परत आणा म्हणून कोणी मोर्चा काढला नाही.

आता न्यूकॅसलकडे वळते, कारण या विषयातलं खरं महाभारत तिथे घडलं.

इंग्लंडच्या ईशान्येला कोळशाच्या खाणी आणि जहाजबांधणी यांवर वाढलेलं हे शहर. खाणी गेल्या, गोद्या गेल्या, उरला फुटबॉल. सेंट जेम्स पार्क हे मैदान शहराच्या अगदी मध्यावर, उंचावर आहे, आणि १८८० पासून तिथे फुटबॉल खेळला जातो. न्यूकॅसल युनायटेड हा क्लब त्याच्याही नंतरचा, १८९२ चा. बावन्न हजार माणसं बसतात. एका बाजूच्या सज्जाला जॅकी मिलबर्न या जुन्या खेळाडूचं नाव आहे, आणि त्याबद्दल कधी कुणाची तक्रार ऐकू आली नाही. मिलबर्न जवळच्याच खाणकामगारांच्या गावचा. आपल्यातल्याचं नाव लावलं तर लोकांना ते लादलेलं वाटत नाही, एवढं इथे लक्षात ठेवू.

२००७ मध्ये माइक ॲशली या व्यापाऱ्याने क्लब विकत घेतला. स्पोर्ट्स डायरेक्ट ही खेळाचे कपडे आणि बूट स्वस्तात विकणारी दुकानं त्याची. २००९ मध्ये मैदानाच्या नावाआधी दुकानाचं नाव जोडून पाहिलं. लोक वैतागले, पण जुनं नाव निदान मागे होतं. १० नोव्हेंबर २०११ रोजी जाहीर झालं की आता ते पूर्णच जाईल. मैदान यापुढे स्पोर्ट्स डायरेक्ट अरीना. कारभारी डेरेक लॅम्बियास यांचं म्हणणं असं, की सेंट जेम्स पार्क या नावाला बाजारात भाव नाही. नवं नाव तात्पुरतं आहे. मोठा प्रायोजक यावा म्हणून नमुन्यादाखल आपल्याच दुकानाची पाटी लावून दाखवतो आहोत.

हा खुलासाच लोकांना जास्त झोंबला असणार. क्लबला नामकरणाचे मोठे पैसे मिळाले असते, त्यातून एखादा चांगला खेळाडू आला असता, तर बोलायला काही जागा तरी होती. इथे तर मालकाने मालकाचीच पाटी लावलेली. दाखवायला मांडलेल्या मुलीसारखं मैदान नव्या नावाने सजवून बाजारात उभं केलं होतं, आणि ज्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या नावामुळे त्याला मोल होतं तेच नाव बिनकामाचं ठरवलं होतं.

२०१२ च्या फेब्रुवारीत मैदानाच्या भिंतीवरची जुनी अक्षरं काढली गेली. अक्षरं उतरवतानाची छायाचित्रं देशभर छापली गेली. मग भिंतीवर कोणीतरी रंगाने जुनं नाव पुन्हा लिहिलं. त्यावरून पोलीस प्रकरण झालं. आपल्याच मैदानाचं खरं नाव भिंतीवर लिहिणं हा गुन्हा ठरावा, हे त्या शहराला कसं वाटलं असेल? पण मला भिंतीवरच्या रंगाहूनही मोठी वाटते ती तिथली रोजची, बिनबोभाट हट्टी वागणूक. गावात कोणी विचारलं, शनिवारी कुठे, तर उत्तर सेंट जेम्स. जवळच्या मेट्रो स्थानकाचं नाव सेंट जेम्स, ते तसंच राहिलं. आजोबा नातवाला घेऊन जात ते सेंट जेम्सला. कंपनीच्या पैशाला इथे उत्तर नसतं. पाटी विकत घेता येते, पण पन्नास हजार जिभा कुठल्या करारात बांधणार?

याचा शेवट झाला तो मात्र कोणाला स्वप्नातही सुचला नसता असा. २०१२ च्या ऑक्टोबरात वोंगा नावाची कंपनी क्लबची प्रायोजक झाली. तिने मैदानाच्या नावाचे हक्कही घेतले आणि जाहीर केलं, की आम्ही आमचं नाव लावणार नाही, सेंट जेम्स पार्क हेच नाव परत देतो. शहराने आनंदाने नाचावं असं हे दान. पण वोंगा होती कोण? पगार होईपर्यंत आठ-पंधरा दिवसांचं कर्ज देणारी सावकारी कंपनी. तिचा व्याजाचा दर वर्षाच्या हिशोबाने चार हजार टक्क्यांच्या वर जात असे. (चार हजार. मी आकडा दोनदा तपासला.) शहराच्या परिषदेचे नेते निक फोर्ब्स यांनी उघड नाराजी व्यक्त केली, कारण तिच्या कर्जात अडकलेली माणसं त्याच गल्ल्यांत राहत होती. संघातला पापिस सिसे हा सेनेगलचा खेळाडू धर्माने मुसलमान. सावकाराचं नाव छातीवर घालायला त्याने आधी नकार दिला होता.

म्हणजे दुकानदाराने काढून घेतलेलं नाव सावकाराने परत दिलं. प्रेक्षकांनी काय करावं? त्यांनी नाव घेतलं, आणि सावकाराला शिव्या देणं थांबवलं नाही. मला यात काही विसंगती दिसत नाही. आपली वस्तू चोराकडून परत आली काय आणि चोरावर मोर होणाऱ्याकडून परत आली काय, ती आपलीच. २०१८ मध्ये वोंगा बुडाली. २०२१ मध्ये ॲशलीने क्लब विकला आणि मैदानावरच्या त्याच्या दुकानाच्या उरल्यासुरल्या पाट्याही निघाल्या. सेंट जेम्स पार्क आहे तिथेच आहे.

हे वाचून तुम्ही म्हणाल, या प्रेक्षकांना पैशाचं वावडंच दिसतं. तसं मुळीच नाही. त्याच इंग्लंडमध्ये यॉर्क शहराचा एक छोटा क्लब दोन-तीन वर्षांपूर्वी जवळजवळ बंद पडून प्रेक्षकांनीच वाचवलेला. २००५ मध्ये त्याने आपल्या बूथम क्रेसेंट या मैदानाला चक्क चॉकलेटचं नाव दिलं: किटकॅट क्रेसेंट! इतर गावं हसली. यॉर्कचे लोकही हसले, पण त्यांनी ते चालवून घेतलं. कारण किटकॅट हे यॉर्कचंच. १९३५ साली तिथल्याच राउंट्री कारखान्यात ते पहिल्यांदा बनलं. कित्येकांच्या घरचं कोणी ना कोणी त्या कारखान्यात कामाला होतं. पैसा क्लबला खरोखर हवा होता आणि तो क्लबलाच मिळाला. पाच वर्षांनी जुनं नाव परत आलं. माहेरपणाला आलेल्या पाहुणीसारखं चॉकलेट राहून गेलं.

जर्मनीत हॅम्बुर्गचं फोक्सपार्कस्टाडियोन म्हणजे लोकांच्या बागेतलं मैदान. नावातच लोक. २००१ पासून चौदा वर्षांत त्याला ओळीने तीन कंपन्यांची नावं लागली: एक इंटरनेटची, एक बँक, एक बांधकाम-यंत्रणेची. या क्लबच्या लोकांचं प्रेम किती, तर मैदानाजवळच्या दफनभूमीत २००८ पासून क्लबच्या चाहत्यांसाठी वेगळी जागा आहे. मेल्यावरही मैदानाशेजारी राहायचं ज्यांनी ठरवलंय, त्यांना बँकेच्या नावाच्या मैदानाशेजारी झोपायला कसं आवडेल? अखेर २०१५ मध्ये क्लाउस-मिखाएल क्यून या धनिकाने नावाचे हक्क स्वतः विकत घेतले आणि मैदानाला जुनं नाव परत दिलं. पाठोपाठ २०१७ मध्ये न्यूरेंबर्गला एका बँकेने हक्क घेतले आणि लोकांनीही वर्गणी काढून भर घातली; मैदानाला नाव मिळालं माक्स मोरलॉक याचं. १९५४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीचा पहिला गोल याने केला होता, आणि त्याचं नाव द्यावं म्हणून तिथले चाहते बरीच वर्षं मागे लागले होते.

पैसे द्यायचे आणि नाव आपलं लावायचं नाही, हे ऐकलं की आपल्या घरांत लगेच गुप्तदान आठवतं. आपल्याकडेही मंदिराच्या पायरीपासून पाणपोईपर्यंत देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या असतातच, आपण काही त्यातून सुटलेलो नाही. पण श्रवणबेळगोळला गेलात तर गोम्मटेश्वराच्या पायाशी पाहा. चावुंडरायाने ही मूर्ती करवली, गंगराजाने भोवतालचा परिसर बांधवला, एवढंच तिथे कोरलेलं आहे. त्यातली मराठी अक्षरं आपल्या भाषेच्या सर्वांत जुन्या लेखांत मोजतात. सत्तावन्न फुटी मूर्ती, आणि करवणाऱ्याचं नाव तिच्या पावलांपाशी. मला हे नेहमी पटत आलं होतं: दात्याचं नाव पायाशी असावं, कपाळावर नसावं.

पण गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवणारे थोर पंडित डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी असं मांडलं, की गोम्मट हे चावुंडरायाचंच घरगुती नाव. गोम्मटेश्वर म्हणजे गोम्मटाचा देव, चावुंडरायाचा देव. आचार्य नेमिचंद्रांचा गोम्मटसार हा ग्रंथही याच नावावरून. हे खरं धरलं तर दात्याचं नाव पायाशी कोरलेलं राहिलंच, आणि शिवाय लाखो ओठांवर मूर्तीच्या नावात जाऊन बसलं. मात्र ते करार करून बसवलेलं नव्हे. लोकांनी आपणहून, प्रेमाने, दात्याच्या घरगुती नावाने हाक मारली असणार, आणि हजार वर्षांत आपण ते कोणाचं नाव होतं हेही विसरून गेलो.

कंपनीचं नावही असंच रुळू शकतं. हॉलंडमधल्या आइंडहोव्हनचं फिलिप्स स्टेडियम १९१३ पासूनचं, दिवे बनवणाऱ्या फिलिप्स कारखान्याच्या कामगारांसाठी काढलेलं. क्लबच्या नावातलं पहिलं अक्षरही फिलिप्सचंच. तिथे उद्या दुसरी पाटी लावायचा प्रयत्न झाला तर भांडायला उठतील ते चाहतेच. शिकागोच्या रिग्ली फील्डला १९२० च्या दशकात जे नाव मिळालं ते च्युइंगगमवाल्या मालकाचं. आज अमेरिकेत त्याहून पवित्र बेसबॉलचं मैदान क्वचितच असेल, आणि नाव घेताना च्युइंगगम कोणाच्या मनातही येत नाही.

आमच्या आयपीसीएलचं कोडंही मला असंच उलगडतं. लोकांचं भांडण कंपनीशी नसतं. पहिल्यांदा जिथे बापाच्या खांद्यावर बसून सामना पाहिला, त्या जागेचं तेव्हाचं जे नाव, ते खरं. मग ते संताचं असो, कारखान्याचं असो, की खाडीकाठच्या टेकाडाचं. पहिल्या नावाला लोक क्वचितच विरोध करतात. रोष असतो तो नाव पुसण्यावर. आणि पुसण्यात पैसा कोणाला मिळाला, विचारलं कोणाला, हे त्या रोषाचं वजन ठरवतं.

लॉस एंजेलिसचं उदाहरण या बाबतीत मला सगळ्यांत बोलकं वाटतं. तिथलं बास्केटबॉलचं बंदिस्त मैदान १९९९ साली उघडलं. नाव, स्टेपल्स सेंटर. स्टेपल्स म्हणजे कागद, फायली, पेनं विकणाऱ्या दुकानांची साखळी. सुरुवातीला या नावात कोणाला काही गोडवा वाटला असेल असं नाही. पण कोबी ब्रायंट वीसपैकी सतरा वर्षं तिथे खेळला. २६ जानेवारी २०२० रोजी हेलिकॉप्टरच्या अपघातात तो, त्याची तेरा वर्षांची लेक जियाना आणि आणखी सात जण गेले. बातमी कळताच लोक निघाले ते स्टेपल्स सेंटरकडे. कोणी बोलावलं नव्हतं. २४ फेब्रुवारीला बापलेकीची जाहीर श्रद्धांजली सभाही तिथेच झाली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात जाहीर झालं, की आभासी चलनाचा व्यवहार करणाऱ्या एका कंपनीने वीस वर्षांसाठी नाव घेतलं आहे. रक्कम ७० कोटी डॉलर असल्याच्या बातम्या आल्या. २०२१ च्या नाताळात पाटी बदलली, आणि तिथले चाहते, बायका, पोरं, मोठमोठे खेळाडू, हळहळले ते एका स्टेशनरीच्या दुकानाच्या नावासाठी. आम्ही स्टेपल्सच म्हणणार, असं कित्येकांनी सांगितलं, आणि म्हणतातही.

अपघातानंतरच्या त्या आठवड्यात दाराबाहेर फुलांचे, पत्रांचे, बुटांचे ढीग साठले होते. हजाराहून जास्त तर नुसते बास्केटबॉल होते. मैदानाच्या व्यवस्थापकांनी त्या वस्तूंची नोंद करून त्या कोबीच्या पत्नीकडे पाठवायचं ठरवलं. फुलं पाठवता येण्यासारखी नव्हती. त्यांचं खत करून ते तिथल्याच आवारातल्या झाडांना घालू, असं त्यांनी सांगितलं.